बोटीतून आलेला ताप आणि सूप भरवणाऱ्या बाया: जुन्या फ्रेंच कॅनडातली डॉक्टरी

प्रश्न असा होता की फ्रेंच लोक कॅनडात पहिल्यांदा जाऊन राहिले तेव्हा, म्हणजे साधारण १६०० ते १७५० च्या दरम्यान, माणूस आजारी पडला तर करायचे काय, हॉस्पिटल वगैरे काही होतं का, आणि डॉक्टर म्हणजे निव्वळ शिरा कापून रक्त काढणारा न्हावीच होता का.

आधीच सांगतो, मी इतिहासवाला नाही, सर्जन आहे. तीसेक वर्षं पोट आणि हर्निया कापण्यात गेली, त्यातली सुरुवातीची वर्षं तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात. मुलगी मॉन्ट्रियलला असते म्हणून तिकडे जाणं होतं आणि पहिल्याच खेपेला बाहेर उणे बावीस, जावई ऑफिसला, मग करायचं काय म्हणून तिथल्या नन लोकांच्या जुन्या हॉस्पिटलच्या म्युझियममध्ये शिरलो आणि तो नाद जो लागला तो आजतागायत सुटलेला नाही. तेव्हा उत्तर डॉक्टरच्या नजरेतून आहे, सनावळ्या कमी आणि "हे पेशंट वाचले कसे" हा भाग जास्त.

न्हावी होता का, तर हो, होता. पण माझं मत विचाराल तर त्या सगळ्या गोष्टीत डॉक्टर हा साइड रोल आहे. मेन रोल दोघांचे, एक फ्रान्सहून येणारी बोट, जी रोग घेऊन यायची, आणि दुसऱ्या त्या पेशंटच्या उशाशी बसून सूप भरवणाऱ्या बाया. बाकी औषधं, जुलाब, रक्त काढणं, एनिमा, हे सगळं चालायचं, आणि बहुतेकदा पेशंट त्याच्यामुळे नाही तर त्याला न जुमानता बरा व्हायचा.

सुरुवात वसाहतीच्याही आधीपासून करावी लागेल. १५३५ च्या हिवाळ्यात जाक कार्तिये या फ्रेंच दर्यावर्द्याच्या तीन बोटी आजच्या क्वेबेकजवळ नदीत गोठून बसल्या, नोव्हेंबरच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत. ११० माणसं, खायला खारवलेलं मांस आणि वाळका पाव. पाय सुजायला लागले, कातडीवर काळेनिळे डाग, हिरड्या कुजून दातांची मुळं उघडी पडली. फेब्रुवारीत परिस्थिती अशी की धड म्हणावी अशी दहासुद्धा माणसं उरली नव्हती. फिलिप रूजमाँ नावाचा बावीस वर्षांचा पोरगा मेला तेव्हा कार्तियेने त्याचं शव उघडून बघायला लावलं, आणि जे लिहून ठेवलंय ते वाचताना माझ्या अंगावर काटा आला, हृदय पांढरं पडलेलं आणि भोवती तांबूस पाणी साचलेलं, भांडंभर. स्कर्व्हीत, म्हणजे व्हिटॅमिन सी न मिळाल्याने होणाऱ्या या रोगात, हृदयाच्या पिशवीत रक्ताळलेलं पाणी होतं हे आम्ही पुस्तकात वाचतो, यांना स्कर्व्ही कशाने होते हे माहीत नाही, व्हिटॅमिन सी चा शोध लागायला अजून चारशे वर्षं आहेत, पण दिसलं ते बरोबर लिहिलं. चांगला डॉक्टर निम्मा इथेच तयार होतो, दिसलं ते लिहिणं.

आता पुढचा भाग बघा. शेजारी स्टाडाकोना नावाचं गाव होतं, तिथल्या लोकांना फ्रेंच मरायला टेकलेत हे कळलं तर हल्ला होईल अशी कार्तियेला धास्ती. म्हणून कोणी किल्ल्याजवळ आलं की आतली आजारी माणसं काठ्या आणि दगड आपटून आवाज करायची, म्हणजे बाहेरच्याला वाटावं आत जोरात कामं चाललीत. एक दिवस त्याला गावच्या मुखियाचा मुलगा डोमागाया दिसला, ठणठणीत चालत येत होता. दहा-बारा दिवसांपूर्वी याच माणसाचा गुडघा टम्म सुजलेला, हिरड्या सडलेल्या कार्तियेने स्वतः पाहिल्या होत्या. विचारलं, कसा बरा झालास बाबा? तेही सरळ नाही विचारलं, म्हणे माझा एक नोकर आजारी आहे त्याच्यासाठी हवंय. डोमागायाने दोन बायका पाठवून एका झाडाच्या फांद्या आणवल्या, साल आणि पानं उकळून काढा दिवसाआड प्यायचा, चोथा सुजलेल्या पायांवर बांधायचा. त्या झाडाला ते लोक अनेडा म्हणायचे. नेमकं कुठलं झाड यावर अजून भांडणं आहेत, सूचिपर्णी होतं एवढं नक्की, बरेच जण पांढरा सिडार म्हणतात. आधी कोणी प्यायला तयार नाही, मग एक-दोघांनी घेतला, बरे वाटले, आणि मग अशी झुंबड की आठवड्याभरात अख्खं मोठं झाड सालीपानांसकट संपवलं. कार्तिये लिहितो, लूव्हँ आणि माँपेलिये या विद्यापीठांचे सगळे वैद्य आले असते तरी वर्षात जमलं नसतं ते या झाडाने आठ दिवसांत केलं. पंचवीस माणसं तोवर गेली होती, बाकीची वाचली.

आणि याची फेड काय केली? वसंतात निघताना कार्तियेने मुखिया डोनाकोना आणि इतरांना पकडून बोटीत घातलं, एकूण दहा माणसं, त्यात डोमागायाही. फ्रान्समध्ये पाच-सहा वर्षांत एक लहान मुलगी सोडून सगळे मेले. ज्याने काढा सांगितला तो परक्या देशात गेला, आणि काढ्याची माहितीही जवळजवळ त्याच्याबरोबरच गेली म्हणा, कारण सत्तर वर्षांनी फ्रेंच परत तिथे राहायला आले तेव्हा स्टाडाकोनाचे लोक त्या जागेवरून उठून गेले होते, विचारणार कोणाला.

मग १६०४ चा हिवाळा, सेंट क्रॉय नावाचं बेट, पुढे क्वेबेक वसवणारा शाँप्लँ तिथे बरोबर होता. ७९ माणसं राहिली आणि त्यातली ३५ स्कर्व्हीने मेली. बेट निवडलं कशाला तर बचावाला सोपं म्हणून, आणि झालं काय तर नदीत बर्फाचे तुकडे असे वाहायला लागले की काठावर जाताच येईना, लाकूड नाही, पाणी नाही. थंडी इतकी की सफरचंदाची दारू गोठली आणि ती चक्क वजनावर, पौंडाने, वाटली. इथेही मेलेल्यांची शवं उघडून पाहिली होती, आणि १९६९ मध्ये तिथे उत्खनन झालं त्यात एक कवटी अशी निघाली की वरची टोपी करवतीने कापून परत जागेवर बसवलेली. कोणीतरी अनाम सर्जन गोठलेल्या बेटावर बसून कारण शोधत होता. १६०८ मध्ये क्वेबेक वसलं तेव्हा २८ जण हिवाळ्याला राहिले, वसंतात ८ जिवंत. स्कर्व्ही आणि हगवण. मेलेल्यांत त्यांचा सर्जन बोनेर्मही होता, म्हणजे वसाहतीचा पहिला डॉक्टर पहिल्याच वर्षी आटोपला.

स्कर्व्ही पुढे कमी झाली ती कुठल्या औषधाने नाही. माणसं गाय, कोबी, कांदा घेऊन टिकून राहायला लागली, शिकारीचं ताजं मांस खायला लागली, बास. १६१७ मध्ये लुई एबेर नावाचा पॅरिसचा औषधवाला बायकोपोरांसकट आला, आणि त्याला इतिहासात जागा मिळाली ती औषधांपेक्षा शेतीमुळे, तिथे जमीन कसणारं पहिलं फ्रेंच कुटुंब म्हणून. मला यात काही विनोद वाटत नाही, त्या जागी शेती हीच औषधाची सगळ्यात मोठी बाटली होती. बिचारा दहा वर्षांनी बर्फावर घसरून पडला आणि त्यात गेला. (या बर्फावर घसरण्याचं प्रकरण पुढे परत येणार आहे.)

आता बोट. हे नीट समजून घ्या कारण सगळं याच्यावर फिरतं. सेंट लॉरेन्स नदी हिवाळ्यात गोठते, त्यामुळे फ्रान्सची बोट उन्हाळ्यातच येणार. प्रवास दोन महिने, कधी तीन. खाली अंधारात माणसं, गुरं, ओले कपडे, पिंपातलं शेवाळलेलं पाणी आणि उवा. उवांमधून टायफस, हा आपला टायफॉइड नव्हे बरं का, नाव सारखं असलं तरी वेगळाच रोग आहे, तेव्हा त्याला बोटीचा ताप, जांभळा ताप असलं काहीतरी म्हणायचे कारण अंगावर डाग उठायचे. म्हणजे वसाहत वर्षभर वाट कोणाची बघायची तर बोटीची, पीठ, मीठ, कापड, पत्रं, नवरीमुली, सगळं तिच्यात, आणि तीच बोट धक्क्याला लागली की आठवड्यात हॉस्पिटल भरलेलं.

१६५९ ची साँ-आंद्रे नावाची बोट घ्या. दोन वर्षं सैन्याचं तरंगतं हॉस्पिटल म्हणून वापरलेली, ना धुतली ना काही, तशीच प्रवासी भरून सोडली. वाटेत तापाची साथ, काही जण समुद्रातच गेले. आणि तिच्यात होत्या कोण, तर मॉन्ट्रियलच्या हॉस्पिटलसाठी निघालेल्या तीन नन. म्हणजे नर्स आणि साथ एकाच तिकिटावर आल्या. १७४० मध्ये तर नवे बिशप लोबेरिविएर रुबी नावाच्या राजाच्या बोटीने आले, वय २९, वाटेत आजाऱ्यांची सेवा करत आले, ८ ऑगस्टला उतरले आणि २० ऑगस्टला त्याच तापाने वारले. बारा दिवसांचे बिशप. १७२० च्या मार्सेच्या प्लेगनंतर बोटी अडवून तपासायचे हुकूम निघाले होते, पण ते प्लेगच्या धाकाने, आणि टायफस काही धक्क्यावर उभं राहून डोळ्यांना दिसत नाही.

फ्रेंचांपेक्षा कितीतरी वाईट गत झाली ती मूळ लोकांची. वेंडाट, ज्यांना फ्रेंच ह्यूरॉन म्हणायचे, शेती करणारे, मोठमोठ्या लांब घरांत एकत्र राहणारे लोक. १६३४ पासून सहा वर्षांत त्यांच्यात एकामागून एक साथी आल्या, शेवटची १६३९-४० ची देवीची, आणि सहा वर्षांत निम्मी माणसं संपली. पूर्वी कधीच हे रोग न बघितलेल्या लोकांत प्रतिकारशक्ती नव्हती हे सगळे सांगतात आणि ते बरोबरच आहे. पण डॉक्टर म्हणून त्याला एक पुस्ती जोडतो. देवी आल्यावर युरोपात घरात एक-दोन पोरं आजारी पडायची, मोठ्यांना लहानपणीच येऊन गेलेली असायची, ते पाणी द्यायला उभे असायचे. इथे आजी, आई, बाप, पोरं सगळी एकाच आठवड्यात आडवी. चूल कोण पेटवणार, नदीवरून पाणी कोण आणणार, शिकारीला कोण जाणार, त्या वर्षीचा मका कोण पेरणार? कित्येक माणसं देवीने नाही, तहानेने आणि थंडीने मेली असणार. देवी जगातून जाईपर्यंत तरी तिच्या पेशंटला दुसरं काय देत होतो आपण, पाणी, स्वच्छता, अन्न. तेच द्यायला कोणी उभं नव्हतं.

आणि त्यात जेझुइट पाद्री गावोगाव फिरत होते. मरायला टेकलेल्या मुलाचा बाप्तिस्मा करायचा म्हणजे त्याचा आत्मा वाचेल हा त्यांचा मनापासूनचा विश्वास. आईबाप नको म्हणाले तर साखरेचं पाणी पाजण्याच्या मिषाने गुपचूप दोन थेंब डोक्यावर. आता वेंडाट लोकांनी काय पाहिलं? हे काळ्या झग्यातले लोक येतात, पाणी शिंपडतात आणि पोर मरतं. शिवाय हे स्वतः आजारी पडले तरी बहुतेक बरे होतात. त्यांनी काढलेला निष्कर्ष की हे चेटूक करतात, हा पुराव्यावरून काढलेला निष्कर्ष होता हो, चुकीचा, पण आपले कितीतरी डॉक्टर याहून कमी पुराव्यावर औषध लिहितात. सभा भरल्या, यांना मारून टाकावं का यावर चर्चा झाल्या. मला त्यांना हसू येत नाही.

याच सुमाराला, १ ऑगस्ट १६३९ ला, क्वेबेकला तीन नन उतरल्या, दिएप गावच्या ऑगस्टिनियन पंथाच्या. पैसा फ्रान्सच्या राजाचा प्रधान कार्डिनल रिशल्यू याच्या भाचीचा, दुशेस देग्वियोंचा. हे क्वेबेकचं ओतेल-द्यू, म्हणजे शब्दशः देवाचं घर, मेक्सिकोच्या उत्तरेला सगळ्यात जुनं हॉस्पिटल. उतरल्या त्या थेट देवीच्या साथीत. सामान उघडायच्या आत पेशंट दारात, बरोबर आणलेल्या चादरी संपल्या, स्वतःही आळीपाळीने आजारी पडल्या. त्यांचे झगे पांढरेशुभ्र असायचे, ते या रगाड्यात धुणार कधी आणि कसे, तेव्हा अक्रोडाच्या जातीच्या झाडाच्या रंगात बुडवून चक्क तपकिरी करून टाकले. मला ही गोष्ट फार आवडते. नियमावलीपेक्षा पेशंट मोठा हे ज्या नर्सला कळतं तिच्या वॉर्डात मी डोळे मिटून पेशंट ठेवीन.

मूळ लोक मात्र त्या हॉस्पिटलला मरणाचं घर म्हणायला लागले आणि यायला घाबरायचे. यात मला आमचा तालुक्याचा दवाखाना आठवला. नवीन होतो तेव्हा, एका म्हातारीला सुनेने आणलं ते चौथ्या दिवशी, आतडं अडकून काळं पडल्यावर. म्हटलं, आधी का नाही आणलं? तर म्हणाली, "साहेब, इथं आणल्याला माणूस परत जात नाही म्हणत्यात." आणि परत का जात नाही, तर चौथ्या दिवशी आणतात म्हणून. म्हातारीही नाहीच गेली परत. हे चक्र साडेतीनशे वर्षांपूर्वी क्वेबेकला जसंच्या तसं फिरत होतं.

पण हळूहळू उलटं झालं. या नन काय करायच्या? कोरडा बिछाना, शेकोटी, मांसाचं गरम सूप, ताजा पाव, थोडी वाइन, आणि कपडे बदलणं. पेशंट आत आला की आधी पापांची कबुली, मग बाकी. औषधांचं कोठारही त्यांच्याच ताब्यात, तिथून बाहेर औषध विकून हॉस्पिटलचा खर्चही काढायच्या. पेशंट बहुतेक खलाशी, सैनिक, कामगार पोरं, म्हणजे मुळात तरुण आणि दणकट शरीरं, दोन महिने बोटीत उपाशी राहिलेली. अशाला आठ-पंधरा दिवस ऊब आणि खाणं मिळालं की तो उठून बसतोच. कपडे बदलताना उवा जायच्या, उवा गेल्या की टायफस पसरायचा थांबला, हे त्यांना माहीत असायचं कारण नाही. १६८९ पासूनची त्यांची पेशंटची नोंदवही आजही शाबूत आहे, नाव, गाव, वय, कधी आला, कधी गेला. आमच्याकडे मागच्या वर्षीचे केसपेपर सापडत नाहीत.

आता न्हावी-सर्जनकडे येऊ, तुमचा खरा प्रश्न तोच होता. युनिव्हर्सिटीत लॅटिन शिकलेला तो वैद्य, असे कॅनडात बोटावर मोजण्याइतके. सगळं काम सर्जनचं, आणि तो न्हाव्याच्या दुकानात उमेदवारी करून शिकलेला, दाढी, फोड कापणं, दात उपटणं, हाड बसवणं, रक्त काढणं, एकाच पेटीत. रक्त काढायचं शास्त्र असं की शरीरात चार रस आहेत आणि ते बिघडले की रोग, म्हणून काढून टाका, वरून, खालून, शिरेतून. रक्तमोक्षण, विरेचन, बस्ती हे शब्द आपल्या घरात आजी वापरायच्याच, तेव्हा फ्रेंचांना हसायच्या आधी दोन मिनिटं थांबा. फरक इतकाच की टायफसने अर्धमेल्या पोराचं रक्त काढणं म्हणजे बुडत्याच्या डोक्यावर पाय.

कमाई यथातथाच, म्हणून बरेच सर्जन शेती करायचे, कोणी कातड्यांचा व्यापार. रोबेर जिफार हा क्वेबेकच्या हॉस्पिटलचा पहिला डॉक्टर, पण बोपोरचा जमीनदार म्हणूनच जास्त ओळखला जातो. आणि पैशाची सोय कशी लावली बघा, मॉन्ट्रियलच्या एत्येन बुशार नावाच्या सर्जनने मार्च १६५५ मध्ये गावातल्या कुटुंबांशी चक्क करार केला, वर्षाला १०० सू (तेव्हाचं फ्रेंच नाणं) एका कुटुंबाचे, दोन हप्त्यांत, आणि वर्षभर कोणालाही काहीही झालं तरी उपचार. म्हणजे मेडिक्लेमच. आणि मेडिक्लेम म्हटलं की बारीक अक्षरं आलीच, यातून वगळलेलं काय, तर प्लेग, महारोग, फेफरं आणि मुतखडा कापून काढणं. जे खरंच महागात पडणार ते सगळं बाहेर! साडेतीनशे वर्षांत या धंद्याने काही नवीन शोधलेलं नाही.

याच बुशारची दुसरी केस मला जास्त जवळची वाटते. झान माँस ही मॉन्ट्रियलच्या हॉस्पिटलची संस्थापक, १६४२ मध्ये गाव वसवणाऱ्यांबरोबरच आलेली, नन नव्हती, साधी बाई, पण गावाचे पैसे आणि पेशंट दोन्ही तीच सांभाळायची. एकदा गाव बंद पडायची वेळ आली तेव्हा हॉस्पिटलसाठीचे २२,००० लीव्र (फ्रेंच चलन) तिने माणसं आणायला देऊन टाकले, कारण गावच राहिलं नाही तर हॉस्पिटल कोणासाठी. त्याच पैशातून १६५३ मध्ये शंभरेक माणसं आली आणि त्यात हा बुशार होता. तर जानेवारी १६५७ मध्ये ही बाई बर्फावर घसरून पडली, उजव्या हाताची कोपराखालची दोन्ही हाडं मोडली आणि मनगट निखळलं. बुशारने हाडं बसवली, चांगली बसवली, जुळली. मनगट निखळलंय हे त्याच्या लक्षातच आलं नाही. कळलं तेव्हा महिने उलटून गेले होते, हात कामातून गेला, स्वतःचे कपडे घालता येईनात.

आता इंटर्नला पहिल्या आठवड्यात घोकून घेतो आम्ही, हाड मोडलं की वरचा सांधा बघ, खालचा सांधा बघ. कारण मोडलेलं हाड इतकं बटबटीत दिसतं की नजर तिथेच अडकते. बुशारकडे एक्स-रे नव्हता, सूज होती, जानेवारीची थंडी होती. माझ्याकडे एक्स-रे होता आणि तरी सुरुवातीच्या काळात मी एका शेतमजुराचं असंच मनगट घालवलं आहे, फिल्म कोपरापर्यंतची होती, मनगट फिल्ममध्ये आलंच नव्हतं आणि मी परत काढायला सांगितलं नाही. तेव्हा बुशारला मी नावं ठेवणार नाही. झान माँस पुढे पॅरिसला गेली, १६५९ च्या फेब्रुवारीत एका पूज्य धर्मगुरूचं हृदय ठेवलेली पेटी हाताला लावली आणि हात चालायला लागला असं तिने लिहून ठेवलंय. सर्जन म्हणून मी काही बोलत नाही. आणि परतीच्या प्रवासाची बोट कुठली, तर तीच ती साँ-आंद्रे.

बाळंतपण पूर्ण सुईणींच्या हातात, आणि सुईण निवडायची पद्धत भारी होती, १७१३ मध्ये बूशेरविल गावच्या बायकांनी जमून काथरीन गेर्तँ हिला निवडून दिलं. मतदानाने सुईण! तिच्याकडून शपथही घ्यायचे, कारण मूल दगावणार असं दिसलं तर बाप्तिस्मा तिलाच करावा लागायचा.

कॅनडातला खरा मोठा डॉक्टर म्हणाल तर मिशेल साराझँ. १६८५ मध्ये नौदलाचा पोरसवदा सर्जन म्हणून आला, मग वाटलं एवढं शिक्षण पुरत नाही, म्हणून तिशी उलटल्यावर फ्रान्सला जाऊन तीन वर्षं वैद्यक शिकला आणि १६९७ मध्ये परत. परतीच्या बोटीवरही तापाची साथ, पेशंट बघता बघता स्वतः आडवा, क्वेबेकच्या नननी वाचवला. बीव्हर, मस्करॅट असले प्राणी फाडून पॅरिसच्या अकादमीला कागद पाठवायचा, झाडं पाठवायचा, किडे खाणाऱ्या घटपर्णीला सारासेनिया हे नाव याच्यावरून आहे.

त्याची १७०० च्या मे महिन्यातली केस सांगतो. मारी बार्बिये, मॉन्ट्रियलला शिकवणाऱ्या नन, त्यांच्या मठाच्या प्रमुख राहिलेल्या, वय ३७, स्तनात गाठ, वाढत चाललेली. साराझँ आधी कचरला, आणि बरोबर कचरला. भूल नाही, जंतू म्हणजे काय माहीत नाही, रक्त थांबवायला डागणी किंवा दोरा. त्या काळी अशा ऑपरेशनचं सगळं गणित वेगावर, बाईला धरून ठेवायला माणसं, आणि सर्जनने थरथरायचं नाही. ती मॉन्ट्रियलहून क्वेबेकला आली आणि साराझँने तिथल्या ओतेल-द्यूमध्ये स्तन काढला. बाई त्यानंतर ३९ वर्षं जगली, १७३९ पर्यंत. साराझँ स्वतः तिच्या आधी गेला, १७३४ मध्ये, त्याच हॉस्पिटलमध्ये तापाने. आता सर्जन म्हणून शंका येतेच की ३९ वर्षं म्हणजे तो कॅन्सर होता का दुसरीच गाठ, तेव्हा बायोप्सी कुठली. पण समजा साधी गाठ होती, तरी उघडी जखम १७०० साली सडली नाही, हे श्रेय कोणाचं? ऑपरेशन काही मिनिटांचं, नंतरचे आठवडे रोज पट्ट्या बदलणाऱ्या बायांचे. आमच्यातही हे असंच आहे, बोर्डावर नाव सर्जनचं असतं आणि रात्री तीनला ड्रेन बघते ती सिस्टर.

बोगस डॉक्टर तेव्हाही होते. बोटीतून उतरलेला कोणीही म्हणायचा मी सर्जन, आणि खेड्यात कोण विचारणार. शेवटी १७५० मध्ये इंटेंडंट, म्हणजे राजाचा तिथला कारभारी, बिगो याने हुकूम काढला की बाहेरून येणाऱ्या सर्जननी परीक्षा दिल्याशिवाय प्रॅक्टिस करायची नाही, नाहीतर दंड. किती पाळला गेला ते सोडा, दहा वर्षांत फ्रेंचांचं राज्यच गेलं.

औषधांबद्दल एक शेवटचं, कारण ते आपल्या घरापर्यंत येतं. साराझँनंतर राजाचा वैद्य म्हणून झाँ-फ्राँस्वा गोतिये आला, रोज हवामान लिहून ठेवणारा, जंगलात भटकून मूळ लोकांना झाडपाला विचारणारा माणूस. १७४९ मध्ये स्वीडनचा वनस्पतीतज्ज्ञ पेर काल्म क्वेबेकला आला तेव्हा दोघं मिळून रानं हिंडले, आणि काल्मने एका सुगंधी पानांच्या झुडपाला मित्राचं नाव दिलं, गॉल्थेरिया. १७५६ मध्ये परत एक बोट आली टायफस घेऊन, गोतिये पेशंट बघायला गेला, ताप घेऊन आला आणि जुलैत वारला. झुडपाचं नाव राहिलं. त्याच गोत्रातलं आपल्याकडचं झुडूप म्हणजे गंधपुरा. गंधपुऱ्याचं तेल, ती हिरवट बाटली, आमच्या आईच्या गुडघ्याला रात्री चोळायचो आणि सगळं घर त्या वासाने भरायचं, ते.